अकरा महिन्यांची पेठ

सदाशिव पेठेतला सर्वांत नामवंत बिऱ्हाडकरू कोण, असे कोणी विचारले तर उत्तर बाळ गंगाधर टिळक असे द्यावे लागते. कुमठेकर रस्त्यावरचा विंचूरकर वाडा विंचूरकर सरदारांचा. टिळकांचे तिथे फक्त बिऱ्हाड होते. 1892 मध्ये स्वामी विवेकानंद पुण्यात आले ते याच वाड्यात टिळकांकडे उतरले. टिळकांचा 1894चा सार्वजनिक गणपती बसला तोही इथेच. नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरी वाडा, टिळकांच्या मालकीचा झाला तो 1905च्या सुमारास. तोवर त्यांची पन्नाशी जवळ आली होती आणि ‘केसरी’लाही दोन तपे होऊन गेली होती. म्हणजे आयुष्यातले मोठे उद्योग माणसाने दुसऱ्याच्या छपराखाली उभे केले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

पुण्याबाहेरच्या लोकांसमोर सदाशिव पेठ म्हटले की घरमालक उभा राहतो. दारावर पाटी, दुपारी एक ते चार शांतता, सायकल कुठे लावू नये याच्या सूचना. विनोदासाठी हे चित्र ठीक आहे. पण पेठेचा संसार मोठ्या प्रमाणात चालवला तो त्या पाटीच्या आत, चौकाच्या चारी बाजूंना दोन-दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी. शाळामास्तर, कारकून, छापखान्यातले खिळे जुळवणारे, कोकणातून शिकायला आलेला भाचा, देशावरून आलेला वकील अशी ती माणसे. मालक पुढच्या सोप्यात किंवा माडीवर, बाकी वाडा बिऱ्हाडांचा. पानशेतच्या पुराआधीचे पुणे पाहिलेले जे थोडे लोक आज सभागृहात असतील त्यांना नळकोंडाळ्यावरची पहाटेची रांग वेगळी सांगायला नको.

पेठेतल्या संस्था पाहिल्या की हे आणखी लक्षात येते. भारत नाट्य मंदिराची मूळ मंडळी 1894ची, महाराष्ट्र साहित्य परिषद 1906ची, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910चे, आजचे स. प. महाविद्यालय 1916चे, ज्ञानप्रबोधिनी 1962ची. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात भरत आली. या सगळ्यांना श्रोता, प्रेक्षक, विद्यार्थी, वर्गणीदार लागत होता, तोही चालत येऊ शकणारा. रात्री नाटक सुटल्यावर पायी घरी पोचणारा. असा माणूस बहुधा भाड्याच्या खोलीत राहत होता, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षे त्याच खोलीत राहत होता.

या व्याख्यानाचा विषय ‘बदलत्या पेठेत भाड्याने राहणे’ असा ठेवला आहे. पेठेत बाहेरची माणसे आली म्हणून पेठ बदलली, असे म्हणण्याची पद्धत आहे. बाहेरची माणसे तर पेठेत पहिल्यापासूनच येत होती. 1909 मध्ये दादासाहेब केतकरांनी अनाथ विद्यार्थी गृह काढले, तेच आजचे सदाशिव पेठेतले पुणे विद्यार्थी गृह. खेड्यापाड्यांतल्या निराधार मुलांना शिकता यावे म्हणून ते निघाले, आणि मुले माधुकरी मागून शिकली. वाराने जेवणारा मुलगा हा त्या काळी पेठेतल्या घरोघरच्या वेळापत्रकाचा भाग होता. आजचा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी त्याच मुलाच्या जागी आलेला आहे. फरक पडला तो भाडेकरूला पेठेत किती काळ राहता येते यात. आधी कायद्याने ही मुदत अंतहीन केली आणि वाडे मोडकळीला आले. मग ती पार चिमूटभर झाली.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. युद्धात बांधकामे थांबली, शहरांत माणसे वाढली, भाडी भडकली. मुंबई सरकारने 1939 आणि 1944 मध्ये भाडे रोखणारे कायदे केले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी मोठा कायदा आणला. ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, 1947’ हे त्याचे लांबलचक नाव. अंमल 13 फेब्रुवारी 1948 पासून. त्यातली कळीची कल्पना म्हणजे ‘प्रमाणभूत भाडे’. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेला जे भाडे होते तेच योग्य भाडे, असे ठरले. फाळणीच्या आणि टंचाईच्या दिवसांत हे समजण्यासारखे होते. भाडेकरूला रस्त्यावर काढू नये इतकीच सरकारची इच्छा होती. पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक चालला. मधल्या काळात सोने, तूर, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळे वाढले. भाडे 1940मध्येच राहिले.

वाड्याच्या मालकाचा हिशेब मग असा होई. आठ बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला जेवढे येई तेवढ्यात कौले परतणेही भागत नसे. दुरुस्ती त्याने करायची, पैसे मात्र कोठून यायचे हे कायदा सांगत नव्हता. म्हणून तो दुरुस्ती टाळे. भाडेकरू म्हणे, छप्पर गळते. मालक म्हणे, मग सोडा जागा. कोणी हटत नसे. भाडे घ्यायलाच नकार देणे ही मालकाची एक जुनी खेळी. म्हणजे पुढे थकबाकीचा दावा लावता येतो. त्यावर भाडेकरूची तोड अशी की भाडे मनीऑर्डरने पाठवायचे आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेले कागद ट्रंकेत जपायचे. लघुवाद न्यायालयात असे दावे बापाने लावले, मुलाने चालवले आणि नातवाने तडजोडीत मिटवले. दोन्ही घरांतली मुले मात्र एकाच शाळेत, एकाच गणेशमंडळात. कोर्टात वादी-प्रतिवादी, मंगळागौरीला शेजारीण. या विसंगतीवर पेठेने कादंबरी लिहायला हवी होती.

12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. त्यानंतर शहर नदीपलीकडे आणि दक्षिणेकडे पसरत गेले. ज्याला जमले त्याने कोथरूडला, सहकारनगरला, पुढे सिंहगड रस्त्याला फ्लॅट घेतला. पेठेतली खोली मात्र बहुतेकांनी सोडली नाही. का सोडावी? भाडे दोन आकडी, आणि जागेवरचा हक्क कायम. कुलूप लावून ठेवली तरी परवडते. त्यातून पागडी आली. खोली सोडणाऱ्याला नवा भाडेकरू रोख रक्कम देई, त्यातला वाटा मालक घेई. 1947च्या कायद्याने हे निषिद्ध ठरवले होते, आणि तरी ते सर्रास चाले.

मालकांची खरी दातखीळ बसली ती 1973 मध्ये. भाडेकरू ठेवला तर तो कायमचा, म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ ही वाट काढली होती. माणसाला जागा वापरायची नुसती परवानगी द्यायची. तो भाडेकरू नव्हे, लायसन्सी. 1973च्या दुरुस्तीने सरकारने ती वाटही बुजवली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू कराराने जो लायसन्सी जागेत होता, तो कायद्याने भाडेकरू मानला गेला. एका रात्रीत पाहुण्याचे कूळ झाले. ज्यांनी भरवशाने जागा दिली होती त्यांची चांगलीच फसगत झाली आणि ज्यांनी दिली नव्हती त्यांनी धडा घेतला. पेठेत आणि मुंबई-पुण्यातल्या कित्येक इमारतींत पुढची 25 वर्षे रिकामी, कुलूपबंद घरे दिसत राहिली. त्या कुलपांमागे ही तारीख आहे. ‘ओळखीशिवाय जागा देत नाही’, ‘बँकेला किंवा कंपनीलाच देतो’ ही मालकांची भाषा तेव्हापासूनची. आजही पेठेतला सत्तरीचा मालक करारावर सही करताना दहा वेळा विचार करतो, ते त्याच्या अंगात मुरलेल्या त्या भीतीपायी.

शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात 19 डिसेंबर 1997 रोजी न्यायालयाने म्हटले की 1940च्या पातळीवर भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. कायद्याची वाढीव मुदत 31 मार्च 1998ला संपणारच होती, म्हणून न्यायालयाने तो तिथल्या तिथे रद्द केला नाही. राज्याने नवा कायदा करावा, अशी अपेक्षा मात्र ठेवली. तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. अंमल 31 मार्च 2000 पासून.

या कायद्याने जुन्या भाडेकरूंना हात लावला नाही. त्यांचे संरक्षण राहिले, मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येऊ लागली. चार टक्के ऐकायला बरे वाटते. 40 रुपये भाड्यावर ते एक रुपया साठ पैसे होतात. पागडी या कायद्याने अधिकृत केली. आणि कलम 24ने मालकांची जुनी भीती घालवली. लायसन्सीची मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर मालकाने दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या न मारता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे. अडून बसल्याच्या काळाला दुप्पट भाडे. लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा. मालकाच्या बाजूने याहून साफ तरतूद शोधून सापडणार नाही.

त्यामुळे एकाच चौकात आज दोन युगे नांदतात. तळमजल्यावर जुन्या कायद्याचे बिऱ्हाड, तिसऱ्या पिढीचे, महिन्याच्या भाड्यात दोन कप चहा येणार नाहीत अशा बेताचे. वरच्या मजल्यावर मालकाने डागडुजी करून कॉट टाकलेल्या, एका खोलीत चार-पाच. एका कॉटचे महिन्याचे पैसे खालच्या बिऱ्हाडाच्या कित्येक वर्षांच्या भाड्याइतके. सहा बाय तीन फुटांची जागा, उशाशी लोखंडी कपाटाचा एक कप्पा. खालच्याला कोणी हलवू शकत नाही आणि वरच्याला उद्या सकाळी ‘रूम खाली कर’ म्हणता येते. आधीची सवलत कोणाला तरी भरून द्यायची होती. ती वरचा मुलगा देतो.

खालचा भाडेकरू सुखात असतो असे समजण्याचे कारण नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांची यादी काढते आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 264खाली नोटिसा बजावते. भिंतींना टेकू लागतात. मालक म्हणतो, पालिकाच पाडायला सांगते आहे. भाडेकरूला वाटते, मालकानेच नोटीस आणवली. पाडण्याचा आदेश निघाला तर मालकाला ताबा मागता येतो. नव्या इमारतीत परत जागा मिळण्याचा हक्कही भाडेकरूला कायद्यात आहे, पण इमारत उभी राहीपर्यंत तो कुठे राहणार आणि बिल्डर मध्येच गेला तर काय, याची उत्तरे कलमांत नसतात. भरीला पेठेतले भूखंड लहान, बोळ अरुंद, वाड्यावर वारसांची नावे डझनभर, त्यातले निम्मे परदेशात आणि त्यांची कुलमुखत्यारपत्रे येता येता बिल्डर बदललेला. म्हणून एका बोळात सात मजली नवी इमारत आणि तिच्या कडेला पत्रे ठोकलेला पडका वाडा हे दृश्य वीस वर्षे तसेच दिसते.

नव्या इमारतीतला फ्लॅट भाड्याने घेणे ही आणखी वेगळी परीक्षा. पहिला प्रश्न कुटुंब आहे का, दुसरा खाण्यापिण्याचे काय, आणि तिसरा, न विचारता विचारलेला, आडनाव काय. फोनवर आडनाव सांगितल्यानंतर ‘आताच दुसऱ्यांचे नक्की झाले’ हे वाक्य मराठवाड्यातून आलेल्या किती मुलामुलींनी ऐकले असेल याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पेठेच्या संस्थांनी समाजसुधारणेवर जेवढी व्याख्याने दिली तेवढी या एका फोनवर द्यायला हवी होती. सोसायटीचे नियम वेगळेच. भाडेकरू ठेवला म्हणून सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. 2001 मध्ये राज्य सरकारने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित केले. काही ठिकाणी ‘बॅचलर’साठी जादा देणगी, लिफ्टसाठी जादा पैसे अशा कल्पक बाबी तरीही निघत असतात.

मग मुले कॉट बेसिसवर जातात. पेरूगेट, भावे हायस्कूल, भिकारदास मारुती, पलीकडे नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या पट्ट्यात एमपीएससीची आणि यूपीएससीची सारी बाजारपेठ आहे. क्लास, अभ्यासिका, झेरॉक्स, जुन्या प्रश्नपत्रिका, मेस आणि पहाटे उघडणारे चहाचे ठेले, सगळे पायी दहा मिनिटांत. लातूर, बीड, नांदेड, परभणी, सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ इथली ही मुले. घरची शेती चार-पाच एकरांची, आणि बापाने दर महिन्याला पाठवलेल्या पैशाची वाटणी ठरलेली: कॉट, मेस, अभ्यासिका, क्लासचा हप्ता. अभ्यासिकेतली खुर्ची वेगळी भाड्याने घ्यावी लागते, कारण चौघांच्या खोलीत वाचता येत नाही. म्हणजे झोपायला एक भाडे आणि बसायला दुसरे. त्यांच्यामुळे पेठेत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीची खानावळ आली. वरणभात-तूप-लिंबाच्या राज्यात ही छोटी क्रांतीच म्हणायची.

या मुलांचे पेठेतले राहणे कोण ठरवतो? मालक नव्हे, परीक्षेची तारीख. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020ला होणार होती. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मुले मिळेल त्या वाहनाने गावी गेली. ट्रंका, पुस्तके, गाद्या खोलीतच. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकल्यामुळे कोणाला काढू नये. काही मालकांनी भाडे सोडून दिले, काहींनी पुस्तके अडवून ठेवली. परीक्षा पुढे जात राहिली. 14 मार्च 2021 ही तारीख ठरली, तीही तीन दिवस आधी रद्द झाली. त्या दुपारी शास्त्री रस्त्यावर जी हजारो मुले उतरली त्यांच्या घोषणा परीक्षा पुन्हा पुढे ढकलण्याविरुद्ध होत्या. पण त्यांच्यापैकी अनेकांनी केवळ या परीक्षेसाठी खोली पुन्हा घेतली होती आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरले होते, हेही रागाच्या मुळाशी होते. शेवटी परीक्षा 21 मार्चला झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा जवळजवळ वर्षभर उशिरा. 2024ची पूर्वपरीक्षाही एप्रिलवरून सरकत सरकत डिसेंबरात गेली. ऑगस्टमध्ये बँकेच्या परीक्षेशी तारीख भिडली तेव्हा पुन्हा हाच रस्ता भरला. एक तारीख पुढे गेली की पेठेतल्या हजारो कॉट एक महिना जास्त भरलेल्या राहतात. या उलाढालीला सरकारी दप्तरात कुठेही शीर्षक नाही.

पेठ त्यांना पाहुणे समजते. ते पेठेसाठी काय करतात ते 27 जून 2023ला दिसले. भर सकाळी पेरूगेटजवळ एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. आजूबाजूला माणसे होती. धावून गेला तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा. आणि 31 मे 2025च्या संध्याकाळी भावे हायस्कूलजवळ एक मोटार चहाच्या ठेल्यावर घुसली तेव्हा जखमी झालेल्या बारा जणांत बहुतेक हीच मुले होती. दोन खोल्यांच्या घरात जी बैठकीची जागा असते ती या मुलांना नाही. तिचे काम रस्त्याकडेचा तो ठेला करतो, म्हणून ती सगळी संध्याकाळी तिथे असतात.

आता भाडेकरारातल्या अकरा महिन्यांकडे. हा आकडा आला कुठून? 1908च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. नोंदणीचा खर्च आणि कटकट टाळायची म्हणून देशभर अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र 1999च्या कायद्याच्या कलम 55ने हे कारणच संपवले. इथे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि त्यापुढचे वाक्य तर कॉटवर राहणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे असे आहे: करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरे धरले जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पेठेतल्या कॉटवाल्यांपैकी अनेकांकडे कागदाचा कपटाही नसतो. पैसे रोख किंवा मोबाइलवर. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती मुले वाटतात तितकी असहाय नाहीत. पण हे कलम वापरायचे तर कोर्टात जावे लागेल, आणि ज्याची पूर्वपरीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे तो कोर्टात जाणार नाही. मालकाला हे चांगले ठाऊक असते.

गंमत म्हणजे कॉटवाल्याची दखल सर्वप्रथम घेतली ती करखात्याने. वसतिगृह आणि पीजीवर जीएसटी लागतो की नाही यावर वाद झाला आणि जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने ठरवले की माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या वास्तव्याला सूट. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठीची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू. पेठेतल्या भाडेकरूचे नशीब अजून 1999च्या कायद्यावरच चालते.

अवधीचा प्रश्न इतरांनी कसा सोडवला हे पेठेतलीच मुले सांगू शकतील. म्युनिक आणि स्टुटगार्टला नोकरीला गेलेली पुण्याची मंडळी थोडी नाहीत. जर्मन कायद्यात घरभाड्याचा करार मुळातच बेमुदत असतो. मुदत घालायची असेल तर मालकाने कारण लेखी द्यावे लागते, जसे की पुढे स्वतःला राहायला हवे आहे किंवा इमारत पाडायची आहे. भाडे मात्र आपल्या 1940सारखे गोठलेले नाही; ठरलेल्या मर्यादेत ते वाढवता येते. बर्लिनने 2020 मध्ये भाडे गोठवून पाहिले, पुढच्या वर्षी जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्याकडे उलटी गत झाली. भाडे आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी कायद्याने एकत्र बांधल्या. ज्याला मुदत दिली त्याचे भाडे गोठवले, आणि ज्याचे भाडे मोकळे सोडले त्याची मुदत काढून घेतली. टिकून राहील आणि बाजाराच्या जवळपास भाडेही देईल असा भाडेकरू पेठेला हवा होता, आणि कायद्यात नेमकी त्यालाच जागा नाही.

29 सप्टेंबर 2024ला शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडई स्थानक पेठेच्या वेशीवर आले. नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘मेट्रोपासून चालत’ हे शब्द लगेच दिसू लागले. पुढल्या काही वर्षांत पेठेतले अनेक वाडे पडतील, त्यांच्या जागी येणारे फ्लॅट गुंतवणूक म्हणून विकले जातील आणि भाड्याने दिले जातील. म्हणजे पेठेत भाडेकरू कमी होणार नाहीत, वाढतील. ते किती काळ राहतील हा प्रश्न आहे. दर अकरा महिन्यांनी सामान हलवणारा माणूस संस्थेची वार्षिक वर्गणी भरत नाही, वॉर्डाच्या मतदारयादीत नाव घालत नाही, मुलाला जवळच्या शाळेत घालताना बिचकतो. संस्थांच्या सभासदयाद्या म्हाताऱ्या होत चालल्या याचे कारण वाचनाची आवड कमी झाली हेच सांगितले जाते. या दुसऱ्या कारणाकडे कोणी फारसे पाहत नाही.

यातले थोडे काही आजही, कायदा न बदलता करता येण्यासारखे आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार पाच वर्षांपर्यंतचा सहज नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी शुल्क शहरात एक हजार रुपये. 20,000 रुपये भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट धरू आणि अनामतीवरचे किरकोळ शुल्क बाजूला ठेवू. तीन वर्षांचा एकच करार केला तर एकूण भाडे सात लाख वीस हजार, मुद्रांक 1,800, नोंदणीसह 2,800 रुपये. त्याऐवजी अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर प्रत्येकाला 1,550, एकूण 4,650, आणि मुदत तरी 33 महिन्यांचीच. त्यात प्रत्येक नूतनीकरणाला एजंटाचे पैसे वेगळे. दरवर्षी किती टक्के वाढ हे करारातच लिहिता येते, दोन्ही बाजूंना नोटीस देऊन मध्येच बाहेर पडण्याची सोयही ठेवता येते. मुदत संपल्यावर ताबा मिळण्याचे कलम 24 तीन वर्षांच्या कराराला तसेच लागू आहे जसे अकरा महिन्यांच्या. 1973ची भीती बाळगण्याचे कायदेशीर कारण आता 25 वर्षांपासून उरलेले नाही. सोसायट्यांनी वार्षिक सभेत, आणि पेठेतल्या संस्थांनी आपल्याच सभासद-मालकांच्या बैठकीत, हा हिशेब एकदा फळ्यावर मांडायला हरकत नाही.

ऑनलाइन नोंदणीच्या अर्जात मुदतीचा रकाना आहे, आणि त्यात 36 किंवा 60 लिहायला कसलीही आडकाठी नाही. एजंट तिथे 11 टाकतो. मालकाने त्याला तसे सांगितलेले नसते, भाडेकरूनेही नाही.